सहावा स्क्रू

माझ्या वडिलांच्या डाव्या नडगीत एक पोलादी पट्टी आणि सहा स्क्रू होते, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या गावात एवढी मोठी बातमी दुसरी नव्हती. लोक बघायला येत. आता नडगीच्या आतली पट्टी बघणार कशी? पण येत. ओट्यावर बसत, चहा घेत, आणि वडील पंचा गुडघ्यापर्यंत सारून तो लांबच लांब शिवण घातलेला व्रण दाखवत. मी शेजारी उभा राहून निरूपण करी. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, नुकताच जवळच्या हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर झालेला, आणि समोर चार माणसं बसली की माझ्या अंगात संचार होई. अजूनही होतो. पट्टी कुठून आली, हाडाला भोकं कशी पाडली, हे सगळं मी स्वतः ऑपरेशन केल्यासारखं सांगत असे. एका म्हाताऱ्याने तर एकदा वडिलांच्या पायाला नमस्कार केला आणि मग गोंधळून मलाही केला.

वडील होड्या बांधणारे मेस्त्री. खाडीच्या काठावर त्यांचा माडाच्या झावळांनी शाकारलेला मांडव होता. तिथे आयन-फणसाच्या फळ्यांना आकार यायचा, काथ्या ठासला जायचा, उंडीच्या तेलाचा वास सगळ्या वाडीभर पसरायचा. त्या मांडवात वडिलांचे दोन कायदे होते. पहिला, ज्या होडीला तांब्याचा खिळा लागला तिला लोखंडाचा खिळा लावायचा नाही. एका गिऱ्हाइकाने एकदा त्यांच्या पाठीमागे दुरुस्ती करताना चार लोखंडी खिळे ठोकून घेतले होते. दोन वर्षांनी होडी गळायला लागली, तशी ती परत आली. वडिलांनी पकडीने त्यातला एक खिळा ओढून काढला. तो बाभळीच्या काट्याएवढा उरला होता. त्यांनी तो गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बघ. तुझ्याच तांब्यान खाल्ल्यान. खारां पाणी मधी इलां की दोन धातू एकमेकांक सोडणत नाय."

दुसरा कायदा असा, की मेस्त्रीच्या हातात हत्यार असेल तोवर त्याच्याशी बोलायचं नाही. कोणीही, काहीही झालं तरी. माझी आत्या, म्हणजे वडिलांची विधवा बहीण, आमच्याच घरात असायची आणि तिची जीभ तिच्या विळीपेक्षा धारदार होती. पण घरचा गोठा पेटल्याची वर्दी घेऊन ती मांडवात धावत आली तेव्हा वडिलांच्या हातात लाकूड तासायचा वाकस होता, आणि ती बाई तोंडावर पदर दाबून, डोळे फाडून, त्यांनी वाकस खाली ठेवेपर्यंत उभी राहिली. गोठा अर्धा गेला. वडिलांनी तिला शाबासकी दिली.

पाय मोडला रेडी बंदरात. तिथे खनिजाची माती मोठ्या जहाजांवर पोचवायला लाकडी होड्या लागत, आणि त्यांतल्या एकीची फळी बदलायला वडिलांना बोलावलं होतं. किनाऱ्यावर टेकू देऊन उभी केलेली होडी ओल्या मातीत सरकली आणि तिची कूस त्यांच्या पायावर बसली. आमच्या भागात एक ख्रिश्चन डॉक्टर होते, मूळचे गोव्याकडचे, सायकलवरून सगळ्या पंचक्रोशीत फिरणारे. त्यांनी पायाला फळ्या बांधल्या आणि सांगितलं, "हाड चामड्यातसून भायर इलेलां आसा. हयसर जुळाचा नाय. मुंबईक व्हरा." मग आगबोटीने मुंबई, तिथलं एक मोठं इस्पितळ, पट्टी, सहा स्क्रू, आणि माघात वडील काठी टेकत परत. तोवरची गोष्ट सुखाची आहे. मी ती खुशाल हातवारे करून सांगतो.

चैत्रात पाय दुखायला लागला. आधी रात्रीचा, मग दिवसाही. नडगी सुजली, चकाकायला लागली, आणि एके सकाळी व्रणाच्या खालच्या टोकाला मोहरीएवढं भोक पडून त्यातून पाणी आलं. पू असता तर आम्हाला कळलं असतं. हे पाणी काळसर होतं, दौतीत उरलेल्या शाईसारखं. आईने पांढऱ्या फडक्याने ते टिपलं आणि फडकं उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

डॉक्टर आले. त्यांनी दाबलं, हुंगलं, सायकलची क्लिप पायाला परत लावली आणि म्हणाले, "आतमदी कायतरी बिघाडलां. पट्टी काडूक होई. पुढच्या आयतवारच्या बोटीन जावा. पावसात बोट बंद झाली की तुमचे हाल जातले."

वडील म्हणाले, "मचवो अर्धो आसा. तो पुरो करतंय आणि मगे जातंय."

डॉक्टर गेल्यावर वडिलांनी मला बोलावलं, आणि ऑपरेशनच्या वेळची एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी चार महिने पोटात ठेवली होती. त्यांना कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला होता, पण ते जागे होते. तोंडासमोर हिरवा पडदा. दिसत काही नव्हतं, म्हणून ते ऐकत होते.

"पाच स्क्रू एका आवाजान गेले," ते म्हणाले. "सहावो पडलो काय मोडलो, देव जाणे. ताटात खडखड केल्यानी, कोणतरी भायर गेलो, दुसऱ्या डब्यातलो हाडलो. तो गेलो तो येगळ्या आवाजान. झिला, मी चाळीस वर्सां खिळे ठोकतंय. तो सहावो त्या पाचांच्या भावकीतलो न्हय."

"मग बाबा, तुम्ही बोललात का नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मास्तर झालो खरा, पण काही शिकलो नाही. "तेच्या हातात हत्यार होतां."

"आणि मग? टाके घातल्यावर?"

"मगे काम पुरां झालां. दुसऱ्या मेस्त्रीच्या पुऱ्या कामार बोट कशाक ठेवूचा?"

आता माझं काय झालं ते सांगतो. मला वडिलांची काळजी वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण त्याहून जास्त मला आनंद झाला. सबंध रसायनशास्त्र चालत चालत माझ्या ओट्यावर आलं होतं! पायात दोन धातू, मध्ये खारं पाणी, त्यातला एक धातू विरघळतोय, म्हणून पाणी काळं. वडिलांचा मांडवातला कायदा त्यांच्याच नडगीत खरा ठरत होता. आणि हे, पुढे कळलं त्याप्रमाणे, अगदी बरोबर होतं. इथवर थांबलो असतो तर मी आज स्वतःची पाठ थोपटत बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून काचेचे दोन ग्लास आणले. एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात खाडीचं. दोन्हींत एकेक लोखंडी खिळा, त्याला तांब्याची तार गुंडाळून. ग्लास फळीवर ठेवून वर माझा धुतलेला रुमाल टाकला आणि घरात जाहीर केलं की पाचव्या दिवशी संध्याकाळी रुमाल उचलला जाईल. पाच दिवस कोणाला हात लावू दिला नाही. आत्या येता-जाता विचारी, "मास्तरा, काय झाकलंस? तुझ्या होणाऱ्या बायलेचो फोटो?"

पाचव्या दिवशी शेजारपाजारही जमला. वडील पाय खुर्चीवर ठेवून बसले होते. मी रुमाल उचलला. विहिरीच्या पाण्यातल्या खिळ्यावर थोडी तांबूस पूड होती. खाडीच्या पाण्यातला ग्लास पुरता विटकरी झाला होता, तळाशी गाळ, खिळा दिसेना. मी नुसता हात केला. लोकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो अजून माझ्या कानात आहे, आणि लाज अशी की तो अजूनही गोड वाटतो.

"खिळो कुजलो गिलासात," आत्या म्हणाली, "आणि तेचां आमच्या पायाशी काय?"

"दोन धातू दोन्ही ग्लासांत आहेत," मी म्हणालो. "फरक कसला? मिठाचा. अंगात मीठ येतं कुठून? ताटातून. मीठ बंद केलं की आतलं पाणी गोडं होईल. सहावा स्क्रू आहे तिथे गप्प बसेल. मचवा पुरा होऊ दे, पाऊस जाऊ दे, मग आरामात मुंबईला जाऊन पट्टी काढू."

वडिलांनी मान हलवली. चाळीस वर्षं खाऱ्या पाण्याशी भांडलेल्या माणसाला हे पटणार नाही तर कोणाला? मिठाने होडी खाल्लेली त्यांनी बघितली होती. नदीच्या गोड्या पाण्यात चालणारी डोण पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली बघितली होती. आमच्या घरात, आमच्या वाडीत, या युक्तिवादात खोट काढू शकेल असा माणूसच नव्हता. आई एवढंच म्हणाली, "मगे सुक्या बांगड्याचा काय?"

"बंद," मी म्हणालो.

डॉक्टर परत आले तेव्हा मी त्यांनाही ग्लास दाखवले. त्यांनी दोन्ही उजेडाकडे धरून बघितले. खोटं कशाला सांगू, त्यांना कौतुक वाटलं. मग ग्लास फळीवर ठेवून म्हणाले, "मास्तर, गिलासातलां खरां आसा. पण तुझो बापूस गिलास न्हय. रविवारची बोट चुकवू नकात." ती बोट आम्ही चुकवली. त्यानंतरचीही.

आईने वडिलांची पेज वेगळ्या मडक्यात शिजवायला सुरुवात केली. मीठ नाही, सुकी मासळी नाही, ताजी नाही, लोणचं नाही, पापड नाही. कुणकेश्वराच्या बाजूने आमची एक मावशी दर आठवड्याला कालवं पाठवायची, ती परत गेली. खारा वारा नको म्हणून त्यांना आम्ही मांडवातही जाऊ देईना. ही सूचना आत्याची, आणि मी ती मोठ्या मनाने मान्य केली. मचवा पुरा करण्यासाठी मुंबई पुढे ढकलली आणि मचव्याजवळ जायलाच बंदी. ही विसंगती आमच्यापैकी एकालाही दिसली नाही. वडील परसात फणसाखाली बसून हाताखालच्या माणसांना निरोप पाठवत.

आणि पंधरा दिवसांत सूज उतरली. खरोखर उतरली! चकाकी गेली, नडगीवर सुरकुती आली, भोकातलं पाणी थेंबभर राहिलं. मी वाडीभर फिरलो. शाळेत मुख्याध्यापकांना सांगितलं. सूज मिठाने धरलेल्या पाण्याची होती आणि मीठ गेल्यावर ती ओसरली, आतल्या दुखण्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हंगामाची शेवटची आगबोट आम्ही टेकडीवरून बघितली. तिचा धूर दिसेनासा होईपर्यंत मी वडिलांच्या शेजारी उभा होतो, आणि आम्ही दोघंही खुशीत होतो.

मग वडील वाळायला लागले. पोटऱ्यांत गोळे येत, उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. पेज बघितली की तोंड फिरवत. "चव नाय," म्हणत, "माती बरी." आई मागे लागे, एकेक घोट भरवी. आषाढात एका दुपारी ती परसात गेली आणि बघते तर वडील फणसाला टेकून बसलेत आणि आपल्याच दंडावरचा घाम चाटताहेत. डोळे मिटून, सावकाश, मांजर पंजा चाटते तसे.

"अवो, ह्यां काय करतास?" ती ओरडली.

ते दचकले. लहान मुलासारखा हात मागे लपवला. ही गोष्ट आईने आम्हाला सांगितली तेव्हा मी हसलो. आत्या हसली नाही. ती म्हणाली, "मास्तरा, माजो भाव बोकडासारखो मीठ चाटता आणि तुका हसाक येता?" मी तिला सांगितलं की हे औषध लागू पडल्याचं लक्षण आहे. शरीरातलं मीठ संपत आलंय.

भाद्रपदाच्या तोंडावर, चतुर्थीला गणपतीवर टांगायची फळापानांची माटी बांधायची तयारी चालली असताना, ताप आला. पाय एका दिवसात गुडघ्यापर्यंत लाल झाला. भोक रुपयाएवढं झालं आणि खोलीत असा वास सुटला की गणपतीची मूर्ती दुसऱ्या घरी न्यावी लागली. आगबोटी अजून सुरू व्हायच्या होत्या. खाटेवर घालून चार माणसांनी वडिलांना रस्त्यावर आणलं, तिथून एसटीने कसाल, कसालला पाच तास दुसऱ्या गाडीची वाट बघत एका दुकानाच्या पडवीत. तापात ते मला सांगत होते की होडी कलतेय, टेकू लाव. मी त्यांच्या खाटेचा पाय धरून बसलो आणि "लावला" म्हणत राहिलो.

मुंबईला तेच इस्पितळ, पण सर्जन दुसरे होते, तरुण, मराठी. त्यांनी पाय बघितला, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, खाण्यापिण्याचं विचारलं. चार महिने अळणी हे ऐकल्यावर ते थांबले.

"यांचं मीठ कोणी बंद केलं?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वडील म्हणाले, "मीच." शहरातल्या डॉक्टरसमोर ते नेहमी शुद्ध बोलत. "मीच बंद केलं, डॉक्टरसाहेब. होड्या बांधतो ना."

मी छताकडचा पंखा बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्जनने मला बोलावलं. मी विज्ञानाचा मास्तर आहे हे त्यांना कळलं होतं, आणि स्वतःच्या विषयावर बोलायला मिळालं की त्यांचाही चेहरा उजळायचा. एरवी आमची छान गट्टी जमली असती. टेबलावर एका बशीत सहा स्क्रू होते. पाच चकचकीत. सहाव्याचा आटा झिजून गेला होता, मानेपाशी तो काळा आणि खरबरीत झाला होता.

"हे पाच आणि पट्टी एका मिश्रधातूचे," ते म्हणाले. "हाही स्टीलच, दिसायला तसाच, पण मिश्रण वेगळं. असं होऊ नये. झालं." मग त्यांनी मला दुर्बिणीवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकावर, डोळा लावायला सांगितलं.

शाळेत आमच्याकडे तसा एक सूक्ष्मदर्शक होता, त्यातून आम्ही कांद्याचा पापुद्रा बघत असू. हे माझ्या वडिलांचं मांस होतं. पाच स्क्रूंच्या जवळचा तुकडा आधी दाखवला. लांबट पेशी, नदीच्या प्रवाहात गवत झोपतं तशा एका दिशेने झोपलेल्या, शांत. "चांगल्या धातूशी पेशी असं वागतात," ते म्हणाले. "भोवती एक पातळ पडदा विणतात आणि त्याला नांदवून घेतात. अशा पट्ट्या पायात घेऊन हजारो लोक रस्त्याने चालतायत." मग त्यांनी काच बदलली.

सगळीकडे काळे ठिपके. आधी वाटलं काच मळलीय. मग दिसलं की ठिपके पेशींच्या पोटात आहेत. गोल, फुगलेल्या पेशी, काळ्या कणांनी गच्च भरलेल्या, काही फुटलेल्या, आणि फुटलेल्यांच्या भोवती नव्या जमलेल्या.

"या रखवालदार," सर्जन म्हणाले. "परकं दिसलं की गिळायचं एवढंच यांना येतं. जंतू असला तर पचवतात. धातूचे कण पचत नाहीत. गिळलेली पेशी मरते, कण पुन्हा बाहेर पडतात, दुसरी येते, तेच गिळते. शेजारचं हाडही यात विरघळायला लागतं. मग त्या मेलेल्या जागेत जंतू घर करतात. तुमच्या वडिलांच्या पायात तेच झालंय."

"किती दिवस चालतं हे?"

"धातू काढेपर्यंत."

मी डोळा काढला नाही. डोळा काढला असता तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. तसाच वाकून विचारलं, "आणि मीठ?"

"शरीराचं पाणी खारटच असतं, मास्तर. तुम्ही खायचं बंद केलं तरी रक्त आपला खारटपणा शेवटपर्यंत धरून ठेवायला बघतं, त्यासाठी बाकी सगळं पणाला लावतं. तुमच्या वडिलांनी चार महिने उपास काढला. स्क्रूने एक दिवस नाही काढला."

"चैत्रात आणलं असतं तर?"

"पट्टी काढली असती. पाय बहुतेक राहिला असता."

दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं की सडणं गुडघ्याच्या सांध्यात शिरलंय, मांडीतून कापावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. कागद आणला. वडिलांनी तो हातात घेतला, वाचल्यासारखा बघितला, आणि सर्जनला नव्हे, मला विचारलं, "झिला, तुका काय वाटता?"

जगात इतकी माणसं होती. त्यांनी मला विचारलं.

"कापू दे, बाबा," मी म्हणालो. त्यांनी लगेच सही केली.

पाय कापल्यावर शुद्धीत आले तेव्हा पहिला प्रश्न, "पाय खंय?" मी सांगितलं, इस्पितळ बघून घेईल. त्यांनी माझं मनगट धरलं. "जाळून ये. माझोच तो." वॉर्डबॉयला विनवून, दोन चिठ्ठ्या घेऊन, मी चादरीत गुंडाळलेला माझ्या बापाचा पाय खांद्यावर घेऊन स्मशानात गेलो. माझा खांदा त्या दिवशी कळला. पाय फार जड असतो.

खिडकीतल्या कारकुनाने वही उघडली. "मयताचं नाव?"

"मयत नाही. जिवंत आहेत."

त्याने चष्म्यावरून बघितलं. "मग इथे काय आणलंत?"

"पाय."

"एकटा पाय?" तो मागे वळून ओरडला, "अहो, एक पाय आलाय, कसा लिहू?" आतून कोणीतरी म्हणालं, "बालकाच्या रकान्यात लिही." त्याने तसं लिहिलं. मी मोठ्याने हसलो. मला थांबता येईना. मागे रांगेत एक खरं प्रेत होतं, त्या घरची माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मी खिडकीची सळी धरून हसत होतो. मग एक माणूस पुढे आला आणि त्याने माझ्या खांद्यावरचं ओझं उतरवून घेतलं.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "लाकडां कसली होती?"

"आंब्याची. ओली होती जरा."

"आंबो फुकट धूर करता," ते म्हणाले आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सगळं सांगून टाकलं. पेशी, खारट रक्त, चैत्र, सर्जनचं ते 'बहुतेक'. माझ्याच तोंडाने, एकही हातवारा न करता. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"माका कळलेला," ते म्हणाले. "त्या डाक्टराच्या तोंडार दिसला. एक काम कर. आवशीक तुझ्या सांगू नको. पेज तिच्या हातची होती."

मी शब्द दिला. वडील घरी आले, मांडवात एका पाटावर बसून तीन वर्षं हत्यारं पाजळत राहिले, आणि तिसऱ्या पावसाळ्यात गेले. मिठाचं जेवण त्यांना पुन्हा कधी सोसलं नाही. आमच्या चवीचं कालवण त्यांना खारट लागे, म्हणून आईचं ते वेगळं मडकं शेवटपर्यंत चुलीवर राहिलं. आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायची, "पाय गेलो, पण माणूस रवलो. चार म्हयने मी मीठ दाखवलंय नाय तेंका. नायतर भाद्रपदातच गेले असते." असं म्हणून ती माझ्याकडे बघायची, मास्तर पुष्टी देईल म्हणून. मी द्यायचो. रंगवून द्यायचो.

ते गेल्यानंतर दोनेक वर्षांनी वाडीतल्या एका बाईचा नवरा मुंबईच्या गोदीत पडला आणि मांडीत सळई घालून घरी आला. ती आमच्याकडे ताक मागायला आली होती. मी ओट्यावर पेपर तपासत होतो. आतून आईचा आवाज येत होता, सावकाश, समजावून सांगणारा. "मडकां येगळां ठेव. सुकी मासळी नको. पयल्यांदा तो चिडतलो, आयकू नको तू."

बाई ताकाचा तांब्या घेऊन बाहेर पडली. मी पेपर टाकून तिच्या मागे गेलो आणि दगडी गडग्याच्या वळणावर, जिथून आमचं स्वयंपाकघर दिसत नाही, तिथे तिला गाठलं.

"गो, मीठ बंद करू नको. पायाक सूज इली, पाणी इलां, तर त्याच दिवशी मुंबईक घेवन जा. माका सांग, मी येतंय वांगडाक."

ती गोंधळली. "पण काकी सांगता..."

"काकी काय सांगता तां आयक. मान हलव. आणि घराक जावन मीठ घाल."

"मगे काकीक काय सांगू?"

"सांग, बंद केलंय म्हणान."

तिने तांब्या कमरेवर घेतला आणि माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. आमच्या वाडीत खोटं बोलायला सांगणारा मास्तर तिने पहिल्यांदाच बघितला असावा. मग ती गेली. आई गेल्या वर्षी गेली. तोवर ती बाई दर वेळी ताकाला यायची आणि न विचारता सांगायची, "काकी, अजून अळणीच आसा हां." आई खूश होऊन तिला थोडं जास्त ताक घालायची.